लिंकनांच्या सात पिढ्यांचा फेरफार

निघण्यापूर्वी

चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेल्या माणसाला अमेरिकेत सहा महिने नुसतं बसवून ठेवलं, तर तो काय करील? पहिले दोन महिने मी एडिसनमधल्या लेकीच्या घरामागचं आवार पावलांनी मोजलं. तिसऱ्या महिन्यात मुक्ताने एक कागद हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्या कामाचं."

अब्राहम लिंकनच्या पत्राची ती छापील प्रत होती. तारीख ६ मार्च १८४८. लिंकन तेव्हा काँग्रेसचे सदस्य. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या इतिहासप्रेमी गृहस्थाने त्यांच्या घराण्याविषयी विचारलं होतं. उत्तर असं: वडील थॉमस, आजोबा अब्राहम. आजोबा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी तिथल्या मूळ रहिवासी इंडियनांच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले, ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, असं अंधुक ऐकिवात आहे. त्यापलीकडचं काही ऐकलेलं नाही.

म्हणजे बाप, आजा, पणजा. श्राद्धाला भटजी विचारतात तेवढीच नावं, त्यातही पणजोबांचं नाव नाहीच! जगात ज्याच्यावर सर्वांत जास्त लिहिलं गेलं अशांपैकी हा एक माणूस, आणि त्याची वंशावळ आमच्या गावातल्या कुठल्याही खातेदाराइतकीच आखूड. लिंकनना जे कळलं नाही ते त्यांच्या पश्चात लोकांनी जुन्या दप्तरांतून शोधून काढलं. सात पिढ्या जुळल्या, आणि जवळजवळ प्रत्येक पिढीने मुक्काम हलवलेला. मुक्ताने रजा टाकली. त्या वाटेने जायचं ठरलं. आमच्या हिला विचारलं, तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसांची दप्तरं बघायला मी येत नाही, मी नातवाजवळ थांबते." पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र डबा भरून दिली.

पहिला दिवस : हिंगम

पहाटे निघून दुपारी हिंगमला पोचलो. बॉस्टनच्या दक्षिणेचं समुद्रकाठचं गाव. पांढरी लाकडी घरं आणि रस्त्यावर लाल-पिवळ्या पानांचा खच. ओल्ड शिप चर्च १६८१ चं आहे. प्युरिटन लोकांचं सतराव्या शतकातलं सभागृह अमेरिकेत एवढं एकच उभं राहिलंय. आतल्या तुळया उलट्या टाकलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारख्या दिसतात म्हणून हे नाव. दार बंद होतं. मागच्या टेकाडावरच्या दफनभूमीत फिरलो, मग ग्रंथालयात स्थानिक इतिहासाच्या कपाटाशी बसलो.

मूळ पुरुष सॅम्युअल. इंग्लंडच्या नॉरफोकमध्येही हिंगम आहे, तिथला हा मुलगा. १६३७ च्या एप्रिलात यारमथ बंदरात 'जॉन अँड डॉरोथी' जहाजाच्या प्रवाशांची जबानी झाली. त्या यादीत नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. नोकरांपैकी एक 'सॅम्युअल लिंकोर्न', वय १८. इकडे चर्चच्या वहीत सॅम्युअलचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ ला झाल्याची नोंद आहे. त्या हिशेबाने जहाजावर चढताना पोरगा पंधराही पुरा नव्हता.

मुक्ताला हा मोठा घोटाळा वाटला. मला नाही वाटला. आमच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींना शाळेत नाव घालताना तीच सोयीची होती. कागदावरचं वय हे कागदाचं वय असतं. एवढं मनाशी धरलं की पुढचं सोपं जातं.

दुसरी गंमत नावांची. या एवढ्याशा वसाहतीत सुरुवातीलाच लिंकन आडनावाची अनेक माणसं येऊन राहिली, आणि त्यांत थॉमस लिंकन चार! गावाने त्यांना धंद्यावरून ओळखायला सुरुवात केली. थॉमस विणकर, थॉमस गिरणीवाला, थॉमस पिंपवाला आणि थॉमस शेतकरी. दप्तरांतही तसंच लिहिलं आहे, म्हणून तर आज कोण कुठला ते लावता येतं. आमच्या जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे पुण्याला जाऊन फुलांच्या धंद्यावरून फुले झाले, तीच तऱ्हा. सॅम्युअल सेलमला उतरला आणि मग हिंगमला भावाकडे आला, तो भाऊ म्हणजे थॉमस विणकर. थॉमस पिंपवाल्याच्या वंशात जनरल बेंजामिन लिंकन झाले. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला ब्रिटिशांची शरणागतीची तलवार यांनीच घेतली. त्यांचा राष्ट्राध्यक्षांशी काही संबंध असेल, अशा समजुतीने मी दिवसभर टिपणं काढली. संध्याकाळी चूक कळली आणि दोन पानं खोडली.

दुसरा दिवस : सिच्युएट, आणि परत

सॅम्युअलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार झाला आणि पुढे सिच्युएटला जाऊन त्याने गिरणी चालवली. बायको सेरा जोन्स. तिच्या वडिलांचं नाव अब्राहम, आणि या घराण्यात अब्राहम हे नाव आलं ते या आजोळाकडून. मॉर्डेकायचे दोन मुलगे, धाकटा मॉर्डेकाय आणि अब्राहम, १७१० च्या आसपास न्यू जर्सीला गेले. १७२७ साली बाप वारला. मृत्युपत्रात लांब गेलेल्या या दोघांना रोख पैसे लिहिलेले आहेत. शहरात गेलेल्या भावाला पैसे द्यायचे आणि शेती गावाकडच्याने ठेवायची, ही वाटणी मला नवी नव्हती.

परतताना वूस्टरवरून आलो. सप्टेंबर १८४८ मध्ये लिंकन प्रचाराला या भागात आले होते आणि वूस्टरला माजी गव्हर्नर लेव्ही लिंकन यांच्या घरी जेवले. लेव्हीही सॅम्युअलच्याच वंशातले. एका ताटावर बसलेले भाऊबंद, आणि नातं नक्की काय ते दोघांनाही ठाऊक नाही! हिंगम तिथून हाकेच्या अंतरावर नसलं, तरी फार लांबही नव्हतं.

तिसरा दिवस : घराजवळ

आज एडिसनलाच मुक्काम, म्हणून सकाळी गरम पोहे. मग ट्रेंटनचं राज्य अभिलेखागार. मायक्रोफिल्मचं चाक फिरवताना मला आमच्या रेकॉर्ड रूममधली सर्दी झाल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की इथे धूळ नाही, आणि कोणी "उद्या या" म्हणत नाही.

सगळी वंशावळ ज्या खुंटीवर टांगली आहे ती खुंटी न्यू जर्सीत आहे. धाकट्या मॉर्डेकायने इथल्या हॅना साल्टरशी लग्न केलं आणि इथे जमीन घेतली. पुढे तो पेनसिल्व्हेनियाला गेला. १७३६ च्या मृत्युपत्रात पेनसिल्व्हेनियातली जमीन त्याने मॉर्डेकाय आणि थॉमस या मुलांना दिली, आणि पहिल्या बायकोच्या पोटच्या जॉनला न्यू जर्सीतली ३०० एकर. या जॉनने १७४८ साली ती जमीन विकली, तेव्हा दस्तात त्याला मॉर्डेकायचा मुलगा म्हणून लिहिलं गेलं. पुढे व्हर्जिनियात जाऊन राहिलेला, राष्ट्राध्यक्षांचा पणजोबा जॉन, तो हाच. ही विक्री झाली नसती तर व्हर्जिनियाचे लिंकन एका बाजूला आणि हिंगमचे दुसऱ्या बाजूला राहिले असते. मधली कडी कुणालाच सापडली नसती. लिंकननी १८५९ मध्ये स्वतःविषयी लिहिताना हेच म्हटलं होतं: न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन अशी सारखी नावं आहेत, यापलीकडे हाती काही लागलं नाही.

नावांवरून नातं धरू नये, खरेदीखतावरून धरावं. नोकरीत आल्यावर पहिल्याच वर्षी साहेबांनी हे शिकवलं होतं.

दुपारी अपर फ्रीहोल्डकडे निघालो. धाकट्या मॉर्डेकाय आणि हॅनाची मुलगी डेबोरा लहानपणीच गेली, तिचा दगड असनपिंकच्या रानातल्या जुन्या दफनभूमीत आहे. आम्ही चुकीच्या पायवाटेने शिरलो. अर्ध्या तासाने समोरून नारिंगी जाकिटातले दोन शिकारी आले. त्यांनी आमच्याकडे, विशेषतः माझ्या मातकट रंगाच्या स्वेटरकडे, बघून मान हलवली. हंगाम सुरू आहे, असे कपडे घालून इथे फिरू नका, म्हणाले. मुक्ताने माझा दंड धरला आणि आम्ही मुकाट्याने गाडीकडे वळलो.

चौथा दिवस : एक्झेटर, पेनसिल्व्हेनिया

धाकट्या मॉर्डेकायचं १७३३ चं दगडी घर अजून उभं आहे. खासगी मालकीचं असल्यामुळे रस्त्यावरूनच पाहिलं. जवळच डॅनियल बूनचं जन्मघर. केंटकीची वाट ज्याच्या नावाशी जोडली गेली तो बून आणि लिंकन घराणं हे शेजारी होते, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. नुसते शेजारी नव्हेत, सोयरेही. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अब्राहम, त्याचं लग्न १७६० मध्ये डॅनियलची चुलतबहीण अ‍ॅन बून हिच्याशी झालं. बून क्वेकर होते. अ‍ॅनने पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून तिला क्वेकर सभेपुढे चूक कबूल करावी लागली, आणि सभेच्या इतिवृत्तात ते नमूद आहे. म्हणजे हे लिंकन क्वेकर नव्हते! राष्ट्राध्यक्षांनी ऐकलेली गोष्ट बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून घराण्याला चिकटली. असं होतं. आमच्या आळीतल्या एका घराला सगळे देशपांडे म्हणतात, कारण शेजारी देशपांडे राहायचे.

इथे दोन पथ्यं शिकलो, तीही लिहून ठेवतो. मॉर्डेकायचं मृत्युपत्र शोधायला बर्क्स काउंटीत जाऊन उपयोग नाही, कारण ती काउंटी झाली १७५२ मध्ये. कागद फिलाडेल्फियात आहे. माणूस जागचा हलत नाही, काउंटी हलते. माझं आजोळ तासगाव. आजोबांचे जुने कागद सातारा जिल्ह्याचे, १९४९ नंतरचे दक्षिण साताऱ्याचे आणि १९६० नंतरचे सांगलीचे. आजोबा मात्र त्याच ओसरीवर बसलेले. दुसरं पथ्य तारखेचं. मृत्युपत्रावर साल आहे '१७३५/६'. मुक्ता म्हणाली, छपाईची चूक असेल. चूक नव्हे. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या कागदांवर दोन्ही सालं लिहायची पद्धत होती. शके आणि सन दोन्ही घातलेल्या आपल्या जुन्या दस्तांची सवय असणाऱ्याला यात अवघड काही नाही.

पाचवा दिवस : शेनँडोआ खोरं

संध्याकाळपर्यंत व्हर्जिनिया. दोन्ही बाजूंना निळसर डोंगर आणि मधून सपाट, सुपीक पट्टा. जॉन लिंकनने पेनसिल्व्हेनिया का सोडलं असेल, हे इथली माती बघूनच कळतं. धंद्याने विणकर असलेल्या या माणसाने १७६८ मध्ये लिनव्हिल क्रीकवर ६०० एकर घेतली. पाच वर्षांनी त्यातली काही मुलांच्या नावे केली.

आधी स्टॉन्टनला गेलो. स्थानिक लोक त्याला 'स्टॅन्टन' म्हणतात आणि पाहुण्याने चुकीचं म्हटलं की ओठ दाबून हसतात. इथल्या न्यायालयात ऑगस्टा काउंटीची दप्तरं १७४५ पासून शाबूत आहेत. चामड्याच्या पाठीची जाडजूड पुस्तकं, उचलायला दोन हात लागतात. जॉनच्या खरेदीचा काळ या दप्तरात, कारण रॉकिंगहॅम काउंटी त्यातून फुटली ती १७७८ मध्ये.

मग हॅरिसनबर्ग. इथे मला बसवून पाणी द्यावं लागलं असं मुक्ता सांगते, पण ती वाढवून सांगते. झालं होतं असं: जून १८६४ मध्ये यादवी युद्धात जनरल डेव्हिड हंटरचं उत्तरेचं सैन्य या खोऱ्यात घुसलं. रॉकिंगहॅमची दप्तरं सुरक्षित जागी हलवावीत म्हणून गाडीत भरून बाहेर काढली होती. सैनिकांनी ती गाडीच पेटवली. काही पुस्तकं कडा जळालेल्या अवस्थेत वाचली, बाकी राख. त्या सैन्याचे सरसेनापती कोण? राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन. ज्या काउंटीचं नाव त्यांनी १८४८ च्या पत्रात लिहिलं होतं, जिथे त्यांचे वडील जन्मले, त्या काउंटीचे कागद त्यांच्याच सैन्याच्या हातून जळाले. दप्तर जळताना मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, तालुक्याच्या गावी, शॉर्ट सर्किटने. तो वास जात नाही.

लिनव्हिल क्रीकच्या घरापाशी उन्हं उतरताना पोचलो. विटांचं देखणं घर, जॉनचा मुलगा जेकब याने १८०० च्या सुमारास बांधलेलं. जेकबचा भाऊ कॅप्टन अब्राहम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा. कॅप्टन केंटकीला गेला, जेकब इथेच राहिला, आणि या शाखेकडे गुलाम होते. हे वाचताना काही क्षण मला पुढचं वाचवेना. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आमच्या शाळेत लिंकन म्हणजे भिंतीवरची तसबीर आणि शेजारी फ्रेममधलं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. (लिंकनच्या कागदपत्रांत असं पत्र कुठेही नाही. हे आमच्या मुख्याध्यापकांना सांगायला मी जाणार नाही.) त्याच रक्ताचं एक घर गुलाम राबवत होतं, हे कुठल्याच तसबिरीत मावत नाही.

सहावा दिवस

दिवसभर गाडी. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, पाऊस, संपलेल्या दशम्या. कॅप्टन अब्राहमच्या काळातली केंटकीची वाट दक्षिणेला कंबरलँड खिंडीतून जायची, आणि त्यावरून बायकापोरं, गुरं घेऊन आठवडेच्या आठवडे लागत. आम्ही रात्री लुईव्हिलजवळ एका मोटेलात. गिझर बंद होता.

सातवा दिवस : लाँग रन आणि स्प्रिंगफील्ड

कॅप्टनने १७८० मध्ये व्हर्जिनियातली जमीन ५,००० पौंडांना विकली. डोळे विस्फारू नका, युद्धाच्या महागाईत त्या नोटांना किंमत उरली नव्हती. मग १६० पौंड भरून ४०० एकरांचं वॉरंट, म्हणजे मोकळी जमीन मोजून घ्यायचा परवाना, घेतलं. त्यावर नाव 'अब्राहम लिंकहॉर्न'. कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं.

या वॉरंटावर लाँग रनच्या काठी मोजणी झाली ७ मे १७८५ ला. मोजणीच्या कागदावर साखळी ओढणारे दोघे लिंकनच, आणि खुणा करणारा खुद्द अब्राहम लिंकहॉर्न. आता राष्ट्राध्यक्षांचं पत्र आठवा: आजोबा १७८२ ला आले आणि दोन वर्षांनी मारले गेले. पण १७८५ च्या मे महिन्यात आजोबा झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करताहेत! मृत्यू झाला तो १७८६ च्या मेमध्ये, शेतात मका लावताना. हल्लेखोराला कॅप्टनच्या थोरल्या मुलाने, त्याचंही नाव मॉर्डेकाय, घरातून बंदूक आणून टिपलं आणि लहानगा थॉमस वाचला. ही गोष्ट मनावर सर्वांत खोल कोरली गेली आहे, असं लिंकननी १८५४ च्या एका पत्रात लिहिलंय. गोष्ट खरी, साल चुकलं. घरातल्या गोष्टींचं बहुधा असंच असतं.

कॅप्टनने मृत्युपत्र केलं नव्हतं. थोरल्यालाच सगळी जमीन, हा इंग्रजी वारसा व्हर्जिनियाने मोडला तो १ जानेवारी १७८७ पासून. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग. बाप सात-आठ महिने आधी गेला, म्हणून सगळं मॉर्डेकायच्या नावे झालं आणि आठ वर्षांच्या थॉमसच्या हाती काही आलं नाही. राष्ट्राध्यक्ष लाकडी खोपटात जन्मले याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला कायद्याची ही तारीखही कारण होती, ते कुणी सांगत नाही.

दुपारी स्प्रिंगफील्ड. वॉशिंग्टन काउंटीचं १८१६ चं न्यायालय, विटांचं, साधं. थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांचं लग्न १२ जून १८०६ ला झालं, पण कितीतरी वर्षं याचा कागदच सापडत नव्हता. सगळे शोधत होते हार्डिन काउंटीत, एलिझाबेथटाऊनच्या कचेरीत, कारण जोडपं राहायचं तिकडे. कागद नाही म्हणजे लग्न नाही, अशी कुजबुज राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतरही थांबली नाही. शेवटी १८७८ मध्ये इथल्या काउंटी क्लार्कने, डब्ल्यू. एफ. बुकर यांनी, आपलीच दप्तरं चाळली आणि बाँड, म्हणजे लग्नाआधी लिहून द्यायचा जामीनकागद, सापडला. लग्न मुलीकडे झालं होतं! शेजारच्या काउंटीत. हे शोधायला एक मराठी माणूस पुरला असता. त्याने पहिल्यांदा मुलीच्या माहेरी विचारलं असतं.

बाँड १० जूनचा, ५० पौंडांचा. थॉमसची सही, आणि नॅन्सीच्या बाजूने रिचर्ड बेरीची. आपण पालक आहोत हे लिहिताना बेरीने 'गार्डियन'चं 'गार्डिन' केलंय. मी मुक्ताला म्हटलं, "कन्यादान माळ्याने केलं." काउंटरमागच्या बाईंनी मी का हसतोय ते विचारलं. मुक्ताने समजावलं तर त्याही हसल्या, आणि आम्हाला जुन्या नोंदवह्यांच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या.

आठवा दिवस : हॉजनव्हिल

या दिवसासाठी मी आलो होतो म्हटलं तरी चालेल. थॉमसने डिसेंबर १८०८ मध्ये २०० डॉलरला सिंकिंग स्प्रिंगची ३०० एकर जमीन घेतली आणि १२ फेब्रुवारी १८०९ ला इथे मुलगा झाला. आज तिथे ग्रीक देवळासारखी ग्रॅनाइटची इमारत आहे. छप्पन्न वर्षांच्या आयुष्याच्या छप्पन्न पायऱ्या, आणि आत लाकडी खोपटं. त्या ओंडक्यांच्या वाढीच्या कड्या २००४ मध्ये तपासल्या, तर लाकूड १८४८ च्या सुमाराचं निघालं. तोवर लिंकन काँग्रेसमध्ये पोचले होते. आम्ही खोपट्याला नमस्कार केला आणि झऱ्याकडे उतरलो. झरा खरा आहे. खोलगट भगदाडात पाणी ठिबकत होतं.

१८०५ च्या मोजणीची सुरुवात एका मोठ्या पांढऱ्या ओकपासून होते. झऱ्यापासून वर तेरा पोल. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आमची जुनी शंकू साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे पोल झाला बरोबर आठ आणे, आणि तेरा पोल सहा साखळ्या आठ आणे! मी तिथे उभा राहून हे मोठ्याने म्हटलं. चार माणसं वळून बघायला लागली. दोनशे साडेचौदा फूट मी पावलांनी मोजले. ओक १९७६ मध्येच वठला, आता जागा तेवढी आहे. माझं माप किती चुकलं ते सांगणार नाही.

केंटकीचं दुखणं इथे उमगलं. सरकारने आधी मोजून मग जमीन वाटली नाही. ज्याने त्याने वॉरंट आणावं आणि ओक, ओढा, दगड अशा खुणा सांगून आपापली मोजणी करून घ्यावी. कौलांसारखे दावे एकावर एक चढले. थॉमसची पहिली जमीन, मिल क्रीकची, २३८ एकर म्हणून घेतलेली. विकायची वेळ आली तेव्हा ती २०० भरली. मोजणी चुकली होती. सिंकिंग स्प्रिंग गेली मालकीच्या वादात. मग नॉब क्रीकला गेला, तर तिथेही फिलाडेल्फियातल्या कुणाच्या वारसांनी दावा लावला. १८१६ च्या डिसेंबरात त्याने केंटकी सोडली. थोडंफार गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या कटकटींमुळे, असं खुद्द मुलाने १८६० मध्ये लिहून ठेवलंय. नॉब क्रीकचा निकाल लागला १८१८ मध्ये, थॉमसच्या बाजूने. तोवर तो ओहायो नदीपलीकडे जाऊन दोन हिवाळे झाले होते.

मोजणीची फी भरून वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारे खातेदार मला आठवले. त्यातले काही माझ्याच टेबलासमोर उभे असत.

नववा दिवस : इंडियाना

नदी ओलांडली आणि रस्ते सरळ झाले. अक्षरशः. १७८५ च्या कायद्याने इकडे आधी चौकटी आखल्या: सहा मैल बाय सहा मैलांची टाऊनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. थॉमसने १५ ऑक्टोबर १८१७ ला व्हिन्सेन्सच्या लँड ऑफिसात जाऊन नोंदवलं: टाऊनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, सेक्शन ३२, नैर्ऋत्येचा चतकोर. ओक नाही, ओढा नाही. गट नंबर सांगावा तसे चार आकडे. भाव एकरी दोन डॉलर, १६० एकर. त्या दिवशी १६ डॉलर भरले, डिसेंबरात आणखी ६४. बाकीचे जमले नाहीत. शेवटी १८२७ मध्ये निम्मी जमीन सोडून ८० एकरांची सनद झाली. पण पक्की. कुणी दावा लावला नाही.

त्याच जमिनीत नॅन्सी. ५ ऑक्टोबर १८१८ ला गेली. पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती गाईने खाल्ली की दूध विषारी होतं, ते तेव्हा कुणाला कळत नव्हतं. अब्राहम नऊ वर्षांचा. कबरीवर कितीतरी वर्षं नाव नव्हतं, दगड बसला १८७९ मध्ये. मुक्ता तिथे बराच वेळ उभी होती. मी सेक्शनचा कोपरा शोधायला म्हणून पुढे गेलो.

अकरावा दिवस : पुन्हा असनपिंक

परतीला दोन दिवस लागले. घरी जाण्याआधी मुक्ताने एका दुकानात गाडी थांबवली आणि दोन नारिंगी जाकिटं घेतली. या वेळी वाट बरोबर लागली. झाडीत काही जुने दगड, बरेचसे कलंडलेले. डेबोराचा दगड गुडघ्याएवढाही नाही. वय ३ वर्षं ४ महिने, १५ मे १७२०. मॉर्डेकाय इथून पुढे पेनसिल्व्हेनियाला गेला, पण या पोरीला इथेच ठेवून. सात पिढ्यांत हिच्या नावावर कुठला एकर नाही की कुठला दस्त नाही.

मुक्ताने बोटाने अक्षरं चाचपली. "बाबा, स्पेलिंग बघा."

लिंकोर्न झालं होतं, लिंकहॉर्न झालं होतं. इथे दगड कोरणाऱ्याने दुसरा 'एल' घातलेलाच नाही. आपण मराठीत लिहितो तसंच. लिंकन.